कंप कधी सुटतो?

मे २०२३. मुंबईत बीकेसीच्या नीता मुकेश अंबानी कल्चरल सेंटरमध्ये 'द साउंड ऑफ म्युझिक'चा प्रयोग. पहिला अंक संपत आलेला. मठातल्या थोरल्या बाई मारियाला बाहेरच्या जगात परत धाडतात आणि 'क्लाइंब एव्हरी माउंटन' गातात, तो प्रवेश. गाणं पायरीपायरीने चढत गेलं, शेवटच्या उंच स्वरावर टेकलं आणि तिथे तो स्वर फुलून थरथरायला लागला. मी खुर्चीच्या कडेवर आले होते. नेमक्या त्याच वेळी मागच्या रांगेतले एक काका शेजारच्या बाईंना आस्थेने म्हणाले, "आवाज दणदणीत आहे, पण सूर हलतो हो यांचा."

हे वाक्य माझ्या जुन्या ओळखीचं. बाविसाव्या वर्षी एका हौशी संगीत नाटकाच्या स्पर्धेत मी पद म्हटलं होतं. परीक्षकांच्या शेऱ्यात एवढंच होतं: 'आवाज गोड, सूर हलतो.' मग वर्षभर पहाटे खर्ज, सरळ आकार, तानपुऱ्याशी षड्ज जुळवून दम संपेपर्यंत एकच स्वर. सूर सरळ झाला. पुढल्या प्रयोगाला आई येऊन बसली. घरी परतताना रिक्षात म्हणाली, "गाणं नीट झालं गं. पण मागच्या वेळी तिथे जी बाई उभी होती, ती या खेपेला दिसली नाही." आईला संगीतातलं ओ की ठो कळत नसे, म्हणून मी ते मनावर घेतलं नाही. आता घेते.

पाश्चात्त्य मंडळी ज्याला व्हायब्रेटो म्हणतात, त्या सुराच्या कंपाबद्दल मला भांडायचं आहे आणि भांडण दोघांशी आहे. आपल्याकडच्या कानांना कंप ऐकला की दोष दिसतो. उलट म्युझिकलचे, म्हणजे तिकडच्या संगीत नाटकांचे, शौकीन कंपाकडे दागिन्यासारखं बघतात. कुणाचा रुंद, कुणाचा रेशमी, याच्या याद्या करतात. याद्या मीही केल्या आहेत, त्यातल्या काही जागा पुढे सांगणारच आहे. पण नाटकातल्या गाण्यात कंप किती सुंदर आहे हे दुय्यम. तो कुठल्या शब्दावर, कुठल्या क्षणी सुटतो, हे खरं. आणि तो क्षण ठरवायचा हक्क त्या रात्री रंगमंचावर उभ्या असलेल्या नटाचा असायला हवा. हा हक्क हल्ली गुपचूप काढून घेतला जातो आहे, तिकडे आणि इकडेही.

आधी ही थरथर येते कुठून ते पाहू. गळा मोकळा असला, खालून श्वासाचा आधार नीट मिळाला की धरून ठेवलेला स्वर आपसूक झुलायला लागतो, सेकंदाला पाच ते सात वेळा. अमेरिकेत आयोवा विद्यापीठातल्या कार्ल सीशोर या मानसशास्त्रज्ञाने १९२० आणि १९३० च्या दशकांत नामवंत गायकांच्या आवाजाचे आलेख काढून हे मोजलं. सेकंदाला साधारण सहा झोके, आणि झोक्याची एकूण रुंदी जवळजवळ अर्ध्या स्वराची. म्हणजे मूळ जागेच्या पाव स्वर वर, पाव स्वर खाली. एवढं हलूनही ऐकणाऱ्याला तो बेसूर वाटत नाही, कारण कान त्या झोक्याचा मध्य धरतो. झोका फार सावकाश आणि रुंद झाला की आवाज हिंदकळतो. उतारवयात श्वासाचा आधार सैल झाला की असं होतं. फार जलद झाला की बकरी आठवते. काकांना बीकेसीत जे ऐकू आलं ते यातलं काहीच नव्हतं, पण त्यांच्या शब्दकोशात 'हलणं' या एकाच कप्प्यात हे सगळं जमा होतं.

'आपल्या संगीतात असलं काही नाही, आपला सूर स्थिर' असं कुणी ठासून सांगितलं की मी त्यांना देवगिरीला नेते. तेराव्या शतकात सिंघण यादवाच्या दरबारात शार्ङ्गदेव नावाचा एक अधिकारी होता. घराणं मूळचं काश्मीरचं, नोकरी इथली, आणि कामही गाण्याचं नाही, सरकारी हिशेबाचं. त्याने 'संगीतरत्नाकर' लिहिला. त्यात गमकाची व्याख्या आहे: 'स्वरस्य कम्पो गमकः श्रोतृचित्तसुखावहः'. ऐकणाऱ्याच्या चित्ताला सुख देणारा स्वराचा कंप, तो गमक. मग त्याने गमकाचे पंधरा प्रकार सांगितले आणि त्यातल्या कित्येकांची वर्गवारी चक्क वेगावरून लावली. तिरिप अतिजलद, कंपित त्याहून धिमा, आंदोलित आणखी सावकाश. सीशोरच्या सातशे वर्षं आधी, आजच्या छत्रपती संभाजीनगरच्या हाकेवर बसून एक हिशेबनीस थरथरीचा वेग मोजत होता, ही गोष्ट मला फार आवडते.

पण इथे एक गफलत होते, आणि ती बहुतेक वेळा कंपाची बाजू घेणारेच करतात. गमक आणि व्हायब्रेटो एक नव्हेत. दरबारी रागातला गंधार ज्या संथपणे डोलतो तो रागाचा कायदा आहे, गायकाला तो पाळावाच लागतो. व्हायब्रेटो शरीरातून येतो. रागाला त्याचं सोयरसुतक नाही. ख्यालात षड्ज थरथरला आणि गुरुजी रागावले, तर गुरुजींचं बरोबरच आहे. माझी तक्रार ख्यालाच्या पट्टीने नाटकातलं गाणं मोजण्याबद्दल आहे. ख्यालात राग बोलतो. नाटकात माणूस बोलतो, आणि माणूस बोलताना हलतो.

आता जागा.

पहिली जागा मी ऐकलेलीच नाही, कुणीच आज ऐकू शकत नाही. १४ ऑक्टोबर १९३०, न्यूयॉर्कचं अल्विन थिएटर, जॉर्ज गर्श्विनच्या 'गर्ल क्रेझी'चा पहिला प्रयोग. एथेल मर्मन नावाची बाविशीतली मुलगी, कालपरवापर्यंत ऑफिसात शॉर्टहँड घेणारी, 'आय गॉट रिदम' गायला उभी राहिली. दुसऱ्या फेरीत तिने एकच स्वर धरला आणि सोळा मात्राखंड सोडलाच नाही. खाली वाद्यवृंद चाल वाजवतोय, वर हिचा स्वर तसाच. माइक नाही. त्या रात्रीचं ध्वनिमुद्रण नाही, पण तिची नंतरची ध्वनिमुद्रणं ऐकली की त्या स्वरातला करारी कंप समोर येतो. त्या काळी कंपाला एक रोकडा उपयोग होता: वाद्यवृंदाच्या भिंतीतून हलणारा स्वर कानाला वेगळा उचलता येतो, सरळ स्वर भिंतीत मिसळून जातो. अंधारात हललेला हात दिसावा तसं. म्हणजे शेवटच्या रांगेपर्यंत पोचण्याची ती सोय होती. सोयीतून शैली झाली, आणि शैलीतून पुढे अभिनय.

'द साउंड ऑफ म्युझिक' १९५९ साली ब्रॉडवेवर, न्यूयॉर्कच्या त्या नाट्यनगरीत, आलं तेव्हा थोरल्या बाईंची भूमिका पॅट्रिशिया नेवे करत. त्या ऑपेराच्या गायिका होत्या आणि या भूमिकेसाठी त्यांना १९६० चं टोनी, ब्रॉडवेचं सर्वांत मानाचं पारितोषिक, मिळालं. ऑपेराचा आवाज मुद्दाम त्या पात्रालाच का दिला असावा याचा विचार करा. मारिया गाते ती मोकळी, साधी, गिटारवरची गाणी. बाई गातात तेव्हा आवाजात चर्चची उंची पाहिजे, वय पाहिजे, अधिकार पाहिजे. तो रुंद कंप म्हणजे त्या पात्राचा पोशाख आहे. काकांना खटकला तो पोशाख. नऊवारी नेसलेल्या नटीला 'साडी फार घोळदार हो' म्हणण्यापैकी हे.

दुसरी जागा मी शेकडो वेळा ऐकली आहे. ८ ऑक्टोबर १९८५ ला लंडनच्या बार्बिकनमध्ये 'ले मिझराब्ल' सुरू झालं, त्यात कोम विल्किन्सन या आयरिश गायकाने ज्याँ व्हालज्याँ केला. 'ब्रिंग हिम होम' ही बॅरिकेडवरची, म्हणजे बंडखोर पोरांनी रस्त्यात रचलेल्या अडथळ्यावरची, प्रार्थना. आजूबाजूला पोरं झोपली आहेत, त्यातल्या एकाचा जीव वाचव म्हणून हा म्हातारा देवाला विनवतोय. सुरुवातीलाच आवाज एका उडीत सप्तकभर वर जातो, आणि पुढचं बरंचसं गाणं त्या उंचीवर, पण हळू आवाजात. उंच आणि हळू हे किती अवघड आहे ते गाणाऱ्यालाच कळतं. आपल्याकडे तार सप्तकात गेलं की आवाज चढवायचाच, असा अलिखित नियम आहे. विल्किन्सन स्वर आधी जवळजवळ सरळ ठेवतो. त्यात कंप येतो तो शेवटी, अगदी बारीक, समईची ज्योत वाऱ्याच्या झुळकीने हलते तेवढा. म्हातारा मागण्याच्या शेवटाला आला आहे, आता त्याच्याकडे शब्द उरलेले नाहीत, हे सगळं त्या हलण्यात आहे.

हेच गाणं २०१२ च्या चित्रपटात ह्यू जॅकमन गातो. जॅकमन उत्तम नट, रंगमंचावर मुरलेला, म्हणून मला सावरून लिहायचं आहे. पण त्याने ही प्रार्थना पूर्ण आवाजात, पहिल्यापासून रुंद कंपाने गायली. कंप सुरुवातीलाच खर्चून झाला, शेवटी देवापुढे ठेवायला काही उरलं नाही. तोच स्वर, तेच शब्द. गंमत म्हणजे त्या चित्रपटात विल्किन्सन स्वतः आहे, व्हालज्याँला चांदीच्या समया देणाऱ्या बिशपच्या भूमिकेत. चित्रीकरणाच्या वेळी तो काय विचार करत असेल असं माझ्या मनात येतं, पण ते असो.

त्या चित्रपटाच्या एका गोष्टीला मात्र पैकीच्या पैकी गुण. सहसा चित्रपटात गाणं आधी स्टुडिओत मुद्रित होतं आणि नट त्यावर ओठ हलवतो. इथे दिग्दर्शक टॉम हूपरने सगळ्यांना सेटवर प्रत्यक्ष गायला लावलं. कानात बारीक यंत्र, त्यात पलीकडे बसलेल्या पियानोवाल्याची साथ. वाद्यवृंद नंतर बसवला. पियानोवाला नटामागून जाणार, नट पियानोमागून नाही. अ‍ॅन हॅथवे 'आय ड्रीम्ड अ ड्रीम' एका लांब सलग दृश्यात गाते. कापलेले केस, कॅमेरा नाकासमोर. तिथे आवाज हलतो तो व्हायब्रेटो नव्हे, ते हुंदक्याचं हलणं आहे. स्नायू वेगळे, कारण वेगळं. पण ती थांबते तिथे साथ थांबते. एक श्वास जास्त घेतला तर साथीदार तो श्वास तिला घेऊ देतो. हा मुद्दा लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

माझ्या यादीत सगळ्यात वर ऑड्रा मॅक्डॉनल्ड आहे. न्यूयॉर्कच्या ज्युलियार्ड संगीतशाळेत शिकलेली, शास्त्रोक्त सोप्रानो, म्हणजे उंच पट्टीची गायिका. १९९४ च्या 'कॅरोसेल'मध्ये तिने पहिलं टोनी मिळवलं. तिच्या नैसर्गिक आवाजाचा कंप श्रीमंत आहे, सायीसारखा. आणि २०१४ साली तिने काय करावं? 'लेडी डे अ‍ॅट इमर्सन्स बार अँड ग्रिल' या नाटकात जॅझ गायिका बिली हॉलिडे साकारली. १९५९ चा मार्च महिना, फिलाडेल्फियातला एक लहानसा बार, दारूने आणि हेरॉइनने खंगलेली बिली. चार महिन्यांनी ती जाणार आहे. हॉलिडेचा आवाज म्हणजे मॅक्डॉनल्डच्या अगदी उलटी चीज: चिंचोळा, किंचित खरखरीत, स्वर सरळ येतो आणि सोडता सोडता शेपटाशी जरासा थरथरतो. मॅक्डॉनल्डने आपली साय काढून ठेवली. आयुष्यभर कमावलेला कंप आवरला, तो जिथे बिली सोडायची तिथेच सोडला. एचबीओने त्याचं चित्रण केलं आहे, २०१६ मध्ये ते प्रसारित झालं. मी ते पाहिलं तेव्हा पहिली दहा मिनिटं ही बाई तीच यावर विश्वास बसेना. एका ठिकाणी नशा उतरायला लागते आणि स्वराच्या शेपटातली ती थरथर स्वराच्या पोटात शिरते. तेव्हा कळतं की आता बिलीच्या हातून लगाम सुटतोय. संवादात हे कुणी सांगत नाही. त्या भूमिकेने मॅक्डॉनल्डला सहावं टोनी मिळालं, आणि अभिनयाच्या चारही विभागांत ते मिळवणारी ती पहिली ठरली. अभिनयाच्या, हे अधोरेखित करावंसं वाटतं.

यानंतर कंप म्हणजे 'आवाजाचा गुण किंवा दोष' अशी चर्चा करायला माझी जीभ वळत नाही.

नव्या पिढीत सरळ स्वराची चलती आहे. 'विकेड' २००३ साली आलं. त्याचाही पहिला अंक एका चढत्या गाण्यावर संपतो, 'डिफाइंग ग्रॅव्हिटी'. इडिना मेन्झेल त्यात स्वर पात्यासारखा फेकते, सरळ, धारदार, आणि कंप शेवटच्या क्षणी येतो किंवा येतच नाही. जुने रसिक याला ओरडणं म्हणतात. मला पटत नाही. १९५९ च्या थोरल्या बाई शिष्येला आशीर्वाद देत होत्या. २००३ ची एल्फाबा, 'विकेड'ची नायिका, राज्यसत्तेशी पंगा घेऊन उडते आहे. तिच्या तोंडी फुललेला, गोलसर कंप शोभला नसता. अंगावरचे माइक आल्यापासून वाद्यवृंदातून वाट काढायची गरज उरली नाही, त्यामुळे गायकाला सरळ स्वराची चैन परवडू लागली, हेही खरं. तेव्हा माइकमुळे कंपाचा अर्थ गेला, असं रडगाणं मी गाणार नाही. उलट माइकमुळे तो ऐच्छिक झाला, म्हणून जास्त बोलका झाला.

आता आपल्या अंगणात येऊ. १८८० च्या 'शाकुंतला'पासून धरलं तर आपलं संगीत नाटक ब्रॉडवेच्या म्युझिकलपेक्षा वयाने फारसं लहान नाही. आणि ८ जुलै १९२१ ला टिळक स्वराज्य फंडासाठी झालेला 'संयुक्त मानापमान'चा प्रयोग म्हणजे तर आवाजांचीच जुगलबंदी: भामिनी बालगंधर्व, धैर्यधर केशवराव भोसले. एकाचा आवाज मधाळ आणि लाडिक, दुसऱ्याचा टिपेचा, तळपता. दोघांनी एकमेकांसारखं गायचा प्रयत्न केला असता तर तो प्रयोग आज कुणाला आठवला असता का? केशवराव त्याच वर्षी गेले. दीनानाथांच्या जुन्या तबकड्या लावा. तो आवाज क्षणभर एका जागी बसत नाही, सतत चाळवलेला, झेप घ्यायच्या बेतात. 'शूरा मी वंदिले' सरळ, शांत सुरात गाऊन बघा म्हणजे मी काय म्हणते ते कळेल.

आणि 'कट्यार काळजात घुसली'. १९६७, पुरुषोत्तम दारव्हेकरांचं नाटक, अभिषेकीबुवांचं संगीत, खाँसाहेबांच्या भूमिकेत वसंतराव देशपांडे. माझ्या मते मराठीत गायकीच्या वादावर यापेक्षा चांगला वैचारिक लेख कुणी लिहिलेला नाही, आणि हा तर तीन तास गातो. 'या भवनातील गीत पुराणे' या पदात खाँसाहेब हवेलीतल्या जुन्या, मवाळ, हळव्या सुरांना चालते व्हा म्हणतात. आज्ञा कडक आहे. पण वसंतरावांचा आवाज लक्ष देऊन ऐका: हळवे सूर हाकलणारा तो स्वर अधूनमधून स्वतःच हळवा होतो. तिथे खाँसाहेब उघडे पडतात. ते संहितेत लिहून ठेवता येत नाही, स्वरलिपीतही नाही. तसंच 'मत्स्यगंधा'तल्या आशालता वाबगावकरांच्या 'अर्थशून्य भासे मज हा'चं. आवाज बैठकीचा नव्हे, बारीक. आणि शेवटाला जी कातर येते ती सत्यवतीची आहे. त्या आवाजाला कुणी स्पर्धेत 'सूर हलतो' म्हणून गुण कापले असते, असा विचार करून मी अधूनमधून घाबरते.

तर मग हक्क काढून कोण घेतंय? परीक्षक तर आहेतच, पण मोठा चोर ट्रॅक आहे, म्हणजे आधीच मुद्रित करून ठेवलेली साथ किंवा गाणं.

आधी तिकडचं सांगते. मार्च २००३ मध्ये ब्रॉडवेच्या वादकांनी संप केला. निर्मात्यांना मोठ्या थिएटरमधल्या वादकांची किमान संख्या कमी करायची होती, आणि वादक बसलेच नाहीत तर संगणकावरचा 'आभासी वाद्यवृंद' वाजवायची तयारीही त्यांनी ठेवली होती. नट आणि रंगमंच-कामगार वादकांच्या बाजूने उभे राहिले. चार दिवस जवळपास सगळी म्युझिकल्स बंद. तडजोडीत सगळ्यात मोठ्या थिएटरांतला चोवीस-सव्वीसचा किमान आकडा अठरा-एकोणीसवर आला. संप अर्धाच जिंकला म्हणा, पण शहरात चर्चा झाली, वर्तमानपत्रांत झाली: पैसे मोजून आलेल्या माणसाला जिवंत वाद्यवृंद मिळणार की नाही, हा सार्वजनिक प्रश्न आहे असं त्या शहराने मानलं.

गाण्याशी याचा संबंध सरळ आहे. मर्मनने स्वर धरला तेव्हा खाली माणसं वाजवत होती. साथ आधीच मुद्रित असेल तर स्वर किती धरायचा हे महिनाभर आधी, दुसऱ्या गावातल्या स्टुडिओत ठरलेलं असतं. नट सरळ स्वर लावतो, त्याला वाटतं आज प्रेक्षागृह श्वास रोखून बसलंय, अजून एक क्षण थांबू, मग थरथर सोडू. ट्रॅक थांबत नाही. पुढची ओळ येते. तबलजी आणि ऑर्गनवाला समोर बसलेले असले तर ते नटाच्या खांद्याकडे बघत असतात. खांदा उचलला नाही म्हणजे अजून श्वास घेतलेला नाही, म्हणजे थांबायचं. वन्समोर आपल्याकडे उगाच नव्हता. तो साथ जिवंत असल्याचा पुरावा होता.

आणि गाणंच मुद्रित असेल तर बोलायलाच नको. त्यात आता सूर सरळ करणारी सॉफ्टवेअर. ऑटो-ट्यून १९९७ साली आलं. बनवणारे अँडी हिल्डेब्रांड आधी भूकंपलहरींच्या साहाय्याने तेल शोधायच्या उद्योगात होते. हे यंत्र स्वराला जवळच्या नेमक्या स्वरावर बसवतं. आवळून वापरलं तर कंप इस्त्री केल्यासारखा सपाट होतो. कहर पुढे आहे: त्याच यंत्रात कृत्रिम कंप घालायची सोय आहे. वेग किती, खोली किती, किती वेळाने सुरू व्हावा, सगळे आकडे टाकता येतात. आधी माणसाची थरथर पुसायची, मग यंत्राची भरायची. शार्ङ्गदेवाने पंधरा प्रकार सांगितले. हा सोळावा, आणि श्रोत्याच्या चित्ताला सुखावह वगैरे काही नाही.

याच्या विरुद्ध बोलणाऱ्यांचं ऐकून घेतलं पाहिजे, कारण त्यांचं सगळं चूक नाही. ब्रॉडवेवर आठवड्याला आठ प्रयोग असतात. १९७९ मध्ये 'एव्हिटा' तिथे आलं तेव्हा पॅटी ल्युपोनची भूमिका घशाला इतकी जड होती की मॅटिनीला दुसरी नटी उभी राहायची. आपल्याकडे शनिवार-रविवारी दोन-दोन, कधी तीन प्रयोग, मधे बसचा प्रवास, पोटात वडापाव. दौऱ्यावर ऑर्गन न्यायचा म्हणजे टेम्पोत जागा, दोन वादकांची नाइट, म्हणजे प्रयोगाचं मानधन, राहायची सोय. निर्माता म्हणतो, ताई, तिकीट तुम्ही आणखी दोनशेने वाढवून देणार आहात का? प्रश्न रास्त आहे. गाता न येणारा पण भूमिकेला अचूक नट मिळाला तर दिग्दर्शकाने काय करावं, हाही रास्त. मी ट्रॅकवर बंदी घाला म्हणत नाही. घशाला त्रास होतोय त्या रात्री नटाने ट्रॅकचा आधार घेतला म्हणून कुणी बोंब मारू नये.

मला फक्त सांगितलेलं हवं आहे. नाटकाच्या जाहिरातीत कालावधी छापतात, दोन अंकी की तीन अंकी ते छापतात, वातानुकूलित आहे हे तर ठळक छापतात. तिथेच आणखी चार शब्द बसतील: 'गाणी प्रत्यक्ष, साथ प्रत्यक्ष', किंवा 'गाणी ध्वनिमुद्रित'. हॉटेलवाला वनस्पती तूप घालत असेल तर त्याने ते साजूक म्हणून विकू नये, एवढीच मागणी. ज्या निर्मात्याने वादकांची नाइट मोजली आहे त्याला ती अभिमानाने छापता येईल, आणि तिकीट पन्नासने जास्त का आहे ते सांगताही येईल. आज खरं गाणारा आणि ओठ हलवणारा दोघांनाही सारख्याच टाळ्या पडतात. खर्च मात्र एकटा खरं गाणारा करतो.

परीक्षकांसाठी वेगळी विनंती. राज्य संगीत नाट्य स्पर्धेत असो की गणेशोत्सवातल्या गायन स्पर्धेत, 'सूर हलतो' असं लिहिण्याआधी तो कोणत्या शब्दावर हलला ते कागदावर लिहा. शब्द लिहिताना हात अडखळला तर शेरा खोडा. मला तेव्हा जो शेरा मिळाला, त्यात तो शब्द असता तर बहुधा 'नाथा' हा असता. त्या प्रवेशात नायिकेचा नवरा परत येणार नाही हे तिला नुकतंच कळलेलं असतं. तिथे सूर हलला नसता तर काय हलायला हवं होतं?

मागच्या महिन्यात एका नाटकाचा प्लॅन उघडला म्हणून खिडकीवर गेले.

"गाणी लाइव्ह आहेत का हो?"

आतल्या गृहस्थांनी चष्म्यावरून पाहिलं. "साउंड एकदम झकास आहे ताई, काळजी करू नका."

"तसं नाही. नट स्वतः गातात का?"

त्यांनी मागे वळून कुणाला तरी विचारलं. आतून आवाज आला, "गातात की! रोज अगदी सेम टु सेम."

"बघा," गृहस्थ म्हणाले. "कितवी रांग देऊ?"